उशिरा आलेले बरोबर उत्तर

उत्तर बरोबर असूनही चूक ठरू शकते काय? ज्या संगणकावर धरणाचे दरवाजे किंवा रुग्णाचे प्राण अवलंबून असतात, तेथे ‘होय’ म्हणावे लागते. अशा व्यवस्थेला ‘रिअल टाइम’ म्हणतात. आपण तिला कालबद्ध प्रणाली म्हणू. महाविद्यालयात ती शिकवावयाची, तर आधी तिचा इतिहास सांगावा.

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली ‘टिफ्रॅक’ संगणक सुरू झाला. शास्त्रज्ञाने गणित द्यावे आणि उत्तराची वाट पाहावी, अशी त्याची रीत. उत्तर तासाभराने आले, तरी त्याचे मोल घटत नसे. पुढे १९६९ साली तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात ‘टीडीसी-१२’ तयार झाला. चालू यंत्राशी थेट जोडता यावा, अशी त्याची योजना होती. चालते यंत्र मात्र कोणासाठी थांबत नाही. म्हणजे गणिताला आता घड्याळाचा धाक आला.

१९७३ साली ल्यू आणि लेलँड यांनी या धाकाचे शास्त्र मांडले. कामे परस्परांपासून स्वतंत्र असतील आणि ज्याची पाळी वारंवार येते त्याला अग्रक्रम दिला, तर संगणकाचा सुमारे ६९ टक्के वेळ भरेपर्यंत प्रत्येक काम मुदतीत होते, असे त्यांनी सिद्ध केले. येथे वेगापेक्षा हमीला महत्त्व आहे.

हमी ढळली की काय होते? सौदी अरेबियातील धाहरान येथे अमेरिकेची क्षेपणास्त्ररोधक यंत्रणा सलग १०० तास चालू होती. सेकंदाचा दहावा भाग द्विमान पद्धतीत पुरता लिहिता येत नाही; ती बारीक तूट साचत साचत सेकंदाच्या तिसऱ्या हिश्श्याएवढी झाली. २५ फेब्रुवारी १९९१ रोजी आलेले क्षेपणास्त्र तिला अडवता आले नाही आणि २८ सैनिक मेले. दुरुस्त केलेली आज्ञावली तेथे पोचली ती दुसऱ्या दिवशी! वरातीमागून घोडे म्हणतात ते हेच.

नंदुरबारच्या विद्यार्थ्याला उदाहरणासाठी दूर जावयास नको. तापीवर प्रकाशा आणि सारंगखेडा येथे बंधारे आहेत. पाण्याची पातळी मोजणे, दरवाजे उघडणे, खालच्या गावांना इशारा देणे, ही तीन कामे एकाच संगणकाकडे आहेत असे समजावे. कोणते आधी? जास्तीत जास्त किती वेळात? हा हिशेब खडूफळ्यावर मांडता येतो, आणि तो मांडल्याशिवाय संगणकाला हात लावू देऊ नये.