इंजिनातली ‘टकटक’ नेमकी कुठून येते? या आवाजाच्या शोधात पेट्रोलमध्ये शिसं कसं आलं?

गाडीत चार माणसं, डिकीत सामान आणि समोर खंबाटकीचा घाट. गिअर चौथा, वेग कमी होत चाललेला, तरी चालक अॅक्सिलरेटर दाबतोय. अशा वेळी बॉनेटच्या आतून छोट्या हातोडीने लोखंडावर ठोकल्यासारखा आवाज येतो. टक-टक-टक. गिअर खाली घेतला की आवाज बंद. सपाट रस्त्यावर गाडी अगदी नीट चालते आणि गॅरेजमध्ये नेल्यावर तर आवाज येतच नाही.

गॅरेजच्या भाषेत याला ‘नॉकिंग’ म्हणतात. शंभर वर्षांपूर्वी या आवाजाने अमेरिकेतल्या इंजिनिअर्सना हैराण केलं होतं. त्यांनी आवाजाचं मूळ शोधून काढलं आणि त्यावर उपायही शोधला. पण त्या उपायाची किंमत जगाने पुढची कित्येक दशकं मोजली.

आधी संशय आला स्टार्टरवाल्यावर

१९१२ साली कॅडिलॅक गाड्यांमध्ये इलेक्ट्रिक सेल्फ स्टार्टर आला. हँडल मारून गाडी सुरू करण्याचा त्रास त्यामुळे संपला. हा स्टार्टर बनवणारे इंजिनिअर होते चार्ल्स केटरिंग. बॅटरीवर चालणारी इग्निशनची यंत्रणाही त्यांचीच होती.

त्याच काळात इंजिनं जास्त ताकदीची होत होती आणि त्यांच्यातून टकटक ऐकू येऊ लागली होती. नवीन काय आलंय, तर केटरिंगचं इग्निशन. मग दोष त्याचाच, असं टीकाकार म्हणू लागले. केटरिंग यांनी खरं कारण शोधायचं ठरवलं. १९१६ मध्ये त्यांच्या ओहायो राज्यातल्या डेटन इथल्या प्रयोगशाळेत थॉमस मिज्ली हा तरुण मेकॅनिकल इंजिनिअर दाखल झाला आणि हे काम त्याच्याकडे आलं.

आवाज नेमका कशाचा होता?

स्पार्क पडण्याआधीच पेट्रोल पेट घेतं आणि त्यामुळे आवाज येतो, असा तेव्हा अनेकांचा समज होता. मिज्लीने इंजिन चालू असताना सिलिंडरमधला दाब क्षणाक्षणाला टिपून पाहिला. दाबाची ती विचित्र उसळी स्पार्कच्या आधी नाही, तर नंतर येत होती.

म्हणजे आत काय घडत होतं? स्पार्क पडला की ज्वाला एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे पसरत जाते. हे नेहमीचं ज्वलन. पण ज्वाला पोहोचायच्या आधीच कोपऱ्यात उरलेलं पेट्रोल आणि हवेचं मिश्रण दाबलं जातं, तापतं आणि एकदम स्वतःहून भडकतं. त्यातून उठणाऱ्या दाबाच्या लाटा सिलिंडरच्या भिंतींवर आदळतात. बाहेर ऐकू येते ती हीच टकटक. हे जोरात आणि सतत होत राहिलं तर पिस्टनचंही नुकसान होतं.

थोडक्यात, दोष इग्निशनचा नव्हता. प्रश्न पेट्रोलचा होता.

चुकीच्या अंदाजाने सापडला बरोबर रस्ता

इंधनाला लाल रंग दिला तर ते उष्णता लवकर शोषेल आणि नीट जळेल, अशी केटरिंग यांची कल्पना होती. प्रयोगशाळेत लाल रंग मिळेना, म्हणून मिज्लीने आयोडिन टाकून पाहिलं. टकटक थांबली. मग खरोखरचे लाल रंग आणून टाकले, तर काहीच फरक पडला नाही. म्हणजे रंगाचा संबंधच नव्हता, काम आयोडिनने केलं होतं. पण आयोडिन महागडं होतं आणि धातूला गंज आणणारं.

त्यानंतर एकेक रसायन तपासत जायचं सत्र सुरू झालं. अॅनिलिन झालं, सेलेनियम झालं. टेल्युरियमने आवाज थांबायचा, पण त्याची दुर्गंधी असह्य होती. अखेर ९ डिसेंबर १९२१ रोजी टेट्राइथाइल लेड, म्हणजे शिशाचं एक संयुग, इंजिनात घातलं गेलं. गॅलनभर पेट्रोलला चमचाभरापेक्षाही कमी पुरलं आणि आवाज गायब झाला.

फेब्रुवारी १९२३ मध्ये डेटनमधल्या पंपावर हे पेट्रोल विकायला आलं. नाव होतं ‘इथाइल’. नावात शिशाचा उल्लेख नव्हता.

शिसं विषारी आहे, हे माहीत नव्हतं का?

माहीत होतं. शिसं विषारी असल्याचं तेव्हाही जगजाहीर होतं. खुद्द मिज्लीला १९२३ च्या सुरुवातीला शिशाच्या बाधेमुळे काम सोडून विश्रांतीसाठी जावं लागलं होतं.

ऑक्टोबर १९२४ मध्ये न्यू जर्सीमधल्या स्टँडर्ड ऑइलच्या बेवे रिफायनरीत हे रसायन बनवणाऱ्या कामगारांना भ्रम होऊ लागले. पाच जणांचा मृत्यू झाला, अनेक जण आजारी पडले. त्यानंतर मिज्लीने पत्रकारांसमोर ते रसायन हातावर ओतून घेतलं आणि त्याचा वास घेऊन दाखवला. १९२५ मध्ये विक्री थांबली, सरकारी समिती बसली आणि १९२६ मध्ये विक्री पुन्हा सुरू झाली.

पुढची अनेक दशकं जगभरातल्या गाड्यांच्या सायलेन्सरमधून शिसं हवेत आणि मातीत मिसळत राहिलं. सगळ्यात जास्त धोका लहान मुलांना. शिशामुळे मेंदूच्या वाढीवर परिणाम होतो आणि तो भरून येत नाही.

मग हे थांबलं कसं?

यातही एक योगायोग आहे. क्लेअर पॅटरसन हे शास्त्रज्ञ पृथ्वीचं वय मोजत होते. त्यासाठी खडकातलं शिसं मोजावं लागायचं, पण प्रत्येक नमुन्यात बाहेरचं शिसं मिसळलेलं निघायचं. त्यांनी अत्यंत स्वच्छ प्रयोगशाळा उभारली आणि १९५६ मध्ये पृथ्वीचं वय सुमारे ४५५ कोटी वर्षं असल्याचं मांडलं. मग त्यांनी या बाहेरच्या शिशाचाच माग काढला. तो पेट्रोलपर्यंत गेला. इंधन उद्योगाचा रोष ओढवूनही ते यावर बोलत राहिले.

१९७० च्या दशकात गाड्यांना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आले. शिशामुळे ते निकामी होतात, त्यामुळे शिसंविरहित पेट्रोल गरजेचं झालं. भारतात १ एप्रिल १९९५ पासून मुंबईसह चार महानगरांत ते मिळू लागलं आणि २००० साली देशभर शिशाचं पेट्रोल बंद झालं. जगात शेवटी थांबला तो अल्जेरिया, २०२१ मध्ये.

आज टकटक कोण थांबवतं?

दोन गोष्टी. पहिली म्हणजे जास्त ऑक्टेनचं पेट्रोल. ऑक्टेन जितका जास्त, तितकं इंधन स्वतःहून भडकायला नाखूष. इथेनॉलने ऑक्टेन वाढतो. अल्कोहोलने नॉकिंग थांबतं हे मिज्लीलाही माहीत होतं, पण उद्योगाने शिशाची निवड केली. आज महाराष्ट्रातल्या साखर कारखान्यांमध्ये तयार होणारं इथेनॉल पेट्रोलमध्ये मिसळलं जातंय.

दुसरी गोष्ट म्हणजे नॉक सेन्सर. इंजिनच्या ब्लॉकवर बसवलेला हा सेन्सर टकटकीची कंपनं ओळखतो आणि इंजिनचा कॉम्प्युटर लगेच स्पार्क थोडा उशिरा पाडतो. बहुतेक वेळा चालकाला कळतही नाही.

तुमच्या गाडीतून असा आवाज आला तर?

- चढावर, वरच्या गिअरमध्ये आवाज येत असेल तर आधी गिअर खाली घ्या. जास्त गिअरमध्ये इंजिन ओढायला लावणं हे नॉकिंगचं नेहमीचं कारण आहे.
- नवीन पंपावर पेट्रोल भरल्यानंतर आवाज सुरू झाला असेल तर पुढच्या वेळी दुसऱ्या पंपावर भरून बघा.
- खालच्या गिअरमध्येही आवाज राहिला तर इंजिनात साचलेला कार्बन, चुकीचा स्पार्क प्लग, जास्त तापणारं इंजिन किंवा खराब सेन्सर यांपैकी काही असू शकतं. गॅरेज गाठा.
- गाडी उभी असताना, न्यूट्रलमध्येही टकटक येत असेल तर ते नॉकिंग नसण्याचीच शक्यता जास्त. आधी ऑइलची पातळी बघा. ऑइल कमी असेल तर गाडी तशीच पुढे नेऊ नका.
- डिझेल गाडीची थोडी टकटक स्वाभाविक आहे. तिथे स्पार्कच नसतो, इंधन दाबानेच पेटतं. आवाज अचानक वाढला तरच काळजी करा.

आणि मेकॅनिककडे गेल्यावर फक्त ‘आवाज येतो’ एवढंच सांगू नका. कोणत्या गिअरमध्ये, किती वेगात, चढावर की सपाटीवर, इंजिन थंड असताना की तापल्यावर, हे सांगा. शक्य असेल तर तो चढ त्याला सोबत घेऊनच चढा. नाहीतर अंदाजाने एकेक पार्ट बदलला जातो, बिल वाढतं आणि पुढच्या घाटात टकटक पुन्हा सुरू होते.