३५ पैकी ५
१८६३ साली जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी पुण्यात घराजवळच बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. गरोदर विधवेनं गुपचूप यावं, सुखरूप बाळंत व्हावं. तिथली गोष्ट आपण यशवंतवर संपवतो: विधवेचा मुलगा, फुल्यांचा दत्तकपुत्र, पुढे डॉक्टर.

मला मात्र जोतीरावांनी १८८४ मध्ये दिलेला हिशेब सोडत नाही. तोवर ३५ विधवा तिथे बाळंत झाल्या होत्या. मुलं जगली फक्त ५. उरलेली ३० का गेली? पोट लपवायला आयांनी आधीच घेतलेल्या विषारी औषधांमुळे, असं जोतीराव सांगतात.

दार उघडं होतं. पण बाई तिथे पोचेपर्यंत लोकलाजेनं आपलं काम उरकलेलं असे. म्हणून ‘गावात दवाखाना आहे की!’ असं कुणी म्हटलं, की मी विचारते: बाई तिथे पोचते कितव्या महिन्यात, आणि काय सोसून?