‘हे खरं कशावरून?’

शालेय विज्ञान प्रदर्शनात परीक्षक म्हणून जाण्याचा योग आम्हांला अधूनमधून येतो. एकदा सातवीच्या मुलांनी गावातल्या ५० घरांची पाहणी करून तक्ता लावला होता. प्रश्न होता, ‘तुम्ही पाणी उकळून पिता का?’ ४७ घरांनी ‘हो’ म्हटले होते. तक्ता सुबक होता, टक्केवारीही बिनचूक होती. आम्ही विचारले, ‘हे खरं कशावरून?’ मुले गोंधळली. गुरुजी म्हणाले, ‘लोकांनीच सांगितलं की!’

त्या दिवशी आम्हांला १८५४ सालचे लंडन आठवले.

त्या वर्षी लंडनमध्ये कॉलऱ्याची साथ होती. रोगजंतूंची कल्पना अजून रुजायची होती. घाणेरड्या, दुर्गंधीयुक्त हवेने रोग होतो, असे बहुतेक डॉक्टर मानत. जॉन स्नो या डॉक्टरचे मत मात्र वेगळे होते. हा रोग दूषित पाण्यातून पसरतो, असे तो म्हणे. मत मांडणे सोपे. ते सिद्ध कसे करायचे?

दक्षिण लंडनमध्ये त्याला उत्तम संधी सापडली. तेथे एकाच रस्त्यावर शेजारशेजारच्या घरांना दोन वेगवेगळ्या कंपन्यांचे पाणी मिळे. लॅम्बेथ कंपनीने १८५२ मध्ये आपले पाणी शहराच्या वर, थेम्सच्या स्वच्छ भागातून घ्यायला सुरुवात केली होती. साउथवर्क आणि व्हॉक्सहॉल कंपनी अजून शहराचे सांडपाणी मिसळलेले पाणीच पुरवत होती. हवा तीच, वस्ती तीच. फरक फक्त पाण्याचा.

पण कोणत्या घरात कोणते पाणी? पाणीपट्टी बहुधा घरमालक भरे, त्यामुळे भाडेकरूला कंपनीचे नाव ठाऊक नसे. स्नोने ऐकीव उत्तरावर विसंबून राहायचे नाकारले. साउथवर्क कंपनीच्या पाण्यात मीठ बरेच जास्त असे. पाण्यात सिल्व्हर नायट्रेट टाकले, की मिठामुळे पांढरा साका तयार होतो. साका किती, यावरून कंपनी ओळखता येई. ही परीक्षा आपल्या शाळेच्या प्रयोगशाळेतही करता येते.

साथीच्या पहिल्या सात आठवड्यांचा हिशेब असा निघाला : साउथवर्क कंपनीच्या ४०,०४६ घरांत १,२६३ मृत्यू, तर लॅम्बेथच्या २६,१०७ घरांत ९८. म्हणजे दर दहा हजार घरांमागे ३१५ आणि ३७. हे आकडे बोलके आहेत. पण त्यांना वजन आले ते दारोदार केलेल्या त्या खातरजमेमुळे.

याच सुमारास, ३१ ऑगस्टच्या रात्री, सोहो भागातल्या ब्रॉड स्ट्रीटच्या आसपास साथ एकाएकी भडकली. या वस्तीत ६०० हून अधिक माणसे दगावली. स्नोचा संशय तिथल्या सार्वजनिक पंपावर गेला. नोंदलेल्या ८३ मृत्यूंची चौकशी करता त्यांतले बहुतेक जण त्या पंपाचे पाणी पीत, असे आढळले. ८ सप्टेंबरला पंपाचा दांडा काढण्यात आला. गोष्ट बहुधा इथेच संपवली जाते. परंतु साथ त्याआधीच ओसरू लागली होती, हे खुद्द स्नोनेच नमूद केले आहे. आपल्या बाजूची टाळी त्याने स्वतःच नाकारली!

आता हेन्री व्हाइटहेड या तरुण पाद्र्याकडे वळू. तो त्याच वस्तीत काम करी, घराघरांतली माणसे ओळखत असे. स्नोचे म्हणणे त्याला मुळीच पटले नव्हते. पंपाचे पाणी पिऊनही ठणठणीत असलेले लोक त्याच्या पाहण्यात होते. तो स्वतःही ते पाणी प्यायला होता. त्याचा आक्षेप रास्त होता. मेलेल्यांपैकी बहुतेक जण ते पाणी पीत होते, एवढ्यावरून काय ठरते? जगलेलेही तेच पीत असतील तर?

स्नोला खोटे ठरवण्यासाठी म्हणून त्याने १८५५ मध्ये चौकशी मांडली. तो त्याच घरी पुन्हा पुन्हा गेला, वस्ती सोडून गेलेल्यांना गाठले, आणि आजारी न पडलेल्यांनाही तोच प्रश्न विचारला. त्याला आढळले, की पाणी प्यायलेल्या १३७ जणांपैकी ८० आजारी पडले होते. न प्यायलेल्या २९७ जणांपैकी फक्त २०. व्हाइटहेडने आपले मत बदलले.

मग मृत्यूंच्या नोंदी चाळताना त्याला एक ओळ दिसली. पंपालगतच्या ४० क्रमांकाच्या घरातली पाच महिन्यांची मुलगी २ सप्टेंबरला वारली होती, कारण, अतिसार. ‘कॉलरा’ असे लिहिलेले नसल्यामुळे हा मृत्यू कोणाच्याच हिशेबात आला नव्हता. व्हाइटहेड तिच्या आईला भेटला. बाळ साथ भडकण्याच्या आधीच आजारी पडले होते, आणि त्याची दुपटी धुतलेले पाणी घराच्या मैलाकुंडीत ओतले जात होते. खणून पाहिले, तेव्हा ती कुंडी गळकी निघाली. पंपाच्या विहिरीपासून जेमतेम तीन फुटांवर. साथीचा उगम कोणत्याही तक्त्यातून दिसला नसता. तो सापडला एका आईशी बोलल्यामुळे.

मोजमापाचे संशोधन पक्के आणि मुलाखतींचे कच्चे, असे पुष्कळांना वाटते; काहींना याच्या उलटही वाटते. या इतिहासात मात्र दोन्हींची कसोटी एकच दिसते. मिळालेले उत्तर दुसऱ्या मार्गाने पडताळले का? आपले म्हणणे ज्यामुळे चुकीचे ठरेल, अशा माणसाकडेही आपण गेलो का?

त्या सातवीच्या मुलांना आम्ही पुन्हा त्याच घरी जायला सांगितले. या वेळी ‘उकळता का?’ असे विचारायचे नाही. ‘आज पाणी कधी उकळलं? कशात? ते भांडं बघू का?’ असे विचारायचे. आकडा ४७ राहील की खाली येईल, हे आम्हांलाही ठाऊक नव्हते. तो खाली आला, तर तक्ता पुन्हा काढायचा, एवढेच त्यांच्याकडून कबूल करून घेतले.