सेंट पॅट्रिक दिन पर्यटन

सेंट पॅट्रिक दिन हा आयर्लंडचा राष्ट्रीय सण असून तो दरवर्षी १७ मार्च रोजी साजरा केला जातो. या दिवशी राजधानी डब्लिन येथे निघणारी मिरवणूक व तिच्या आगेमागे भरणारा महोत्सव पाहण्यासाठी देशोदेशींचे प्रवासी त्या शहरात येतात. या प्रवासाला सेंट पॅट्रिक दिन पर्यटन असे म्हणता येईल. मिरवणूक, चर्चमधील उपासना आणि रस्त्यावरील संगीत हा या सणाचा गाभा असून तो विनामूल्य आहे. प्रवाशाचा खर्च होतो तो मुख्यतः विमानप्रवास आणि मुक्काम यांवर. त्यामुळे हा सण अल्प खर्चात पाहणे हे काटकसरीपेक्षा वेळेवर केलेल्या नियोजनावर अधिक अवलंबून असते. आयर्लंडमध्ये शिकणारे मराठी विद्यार्थी आणि त्यांना भेटण्यास जाणारे पालक यांच्या दृष्टीने हा विषय महत्त्वाचा आहे. ज्यांना परदेशी जाणे शक्य नाही त्यांना या संताच्या नावाचे स्थान पुण्यातही पाहता येते.

पार्श्वभूमी

संत पॅट्रिक हे इसवी सनाच्या पाचव्या शतकातील धर्मप्रचारक होत. त्यांचा जन्म रोमन अमलाखालील ब्रिटनमध्ये झाला. वयाच्या सोळाव्या वर्षी आयरिश लुटारूंनी त्यांना पळवून नेले आणि गुलाम म्हणून विकले. सहा वर्षे गुरे-मेंढ्या राखल्यावर ते निसटून मायदेशी परतले. पुढे बिशप होऊन, ज्या देशात गुलामी भोगली त्याच देशात स्वेच्छेने गेले. हा वृत्तान्त त्यांच्या लॅटिन आत्मनिवेदनातून कळतो. तीन पानांच्या शॅमरॉक या वनस्पतीच्या साहाय्याने त्यांनी ख्रिस्ती त्रैक्य समजावून दिले ही कथा बऱ्याच नंतरच्या काळातील आहे. त्यांनी आयर्लंडमधून साप हाकलले ही दंतकथा असून हिमयुगानंतर त्या बेटावर साप नव्हतेच.

१७ मार्च ही त्यांची परंपरेने मानलेली पुण्यतिथी होय. सतराव्या शतकाच्या आरंभी ल्यूक वॉडिंग या आयरिश फ्रान्सिस्कन धर्मगुरूच्या प्रयत्नाने ती कॅथलिक चर्चच्या पंचांगात समाविष्ट झाली. १९०३ च्या कायद्याने हा दिवस आयर्लंडमध्ये सार्वजनिक सुटीचा ठरला.

आज या सणाची ओळख ठरलेली मिरवणूक मात्र आयर्लंडमध्ये नव्हे, तर परदेशी गेलेल्या आयरिश लोकांत वाढली. न्यूयॉर्कमधील मिरवणुकीची परंपरा १७६२ पासूनची असून ती ब्रिटिश सैन्यातील आयरिश शिपायांनी सुरू केली. १८४५ ते १८५२ या काळातील भीषण दुष्काळात सुमारे १० लाख लोक मरण पावले व तितक्याच लोकांनी देश सोडला. या देशांतरानंतर अमेरिकेतील शहरांत मिरवणुकीला मोठे रूप आले. डब्लिन येथे शासनाच्या पुढाकाराने पहिली मिरवणूक १९३१ मध्ये निघाली. सारांश, हा सण जितका संताचा तितकाच घर सोडून दूर गेलेल्या माणसांचा आहे.

डब्लिनमधील महोत्सव

आयर्लंड शासनाने १९९५ मध्ये या दिवसाला महोत्सवाचे स्वरूप देण्याचे ठरविले आणि १९९६ मध्ये पहिला महोत्सव झाला. पुढे तो अनेक दिवसांचा झाला. १७ मार्चची मिरवणूक अलीकडच्या वर्षांत दुपारी १२ वाजता पार्नेल चौकातून निघते. ओ'कॉनेल मार्ग, लिफी नदीवरील ओ'कॉनेल पूल आणि डेम मार्ग यांवरून ती सेंट पॅट्रिक कॅथेड्रलच्या दिशेने जाते. वाद्यवृंद, भव्य बाहुल्या, नर्तकपथके आणि निरनिराळ्या देशांतून आलेल्या लोकांचे गट तिच्यात सामील होतात. सशुल्क आसनांची सोय असली तरी बहुसंख्य लोक रस्त्याच्या कडेला उभे राहूनच मिरवणूक पाहतात. पुढच्या रांगेत जागा मिळण्यासाठी एक-दोन तास आधी पोहोचावे लागते. नदीचे पाणी हिरवे करण्याची प्रसिद्ध प्रथा डब्लिनची नसून अमेरिकेतील शिकागो शहराची आहे.

मार्चमध्ये डब्लिनचे दिवसाचे तापमान सुमारे १० अंश सेल्सिअस असते. पावसाच्या सरी व वारा नेहमीचाच असल्याने छत्रीपेक्षा टोपी असलेला जलरोधक कोट उपयोगी पडतो.

खर्चाचे नियोजन

व्हिसा व विमानप्रवास

आयर्लंड हा युरोपीय संघाचा सदस्य असला तरी शेंगेन क्षेत्रात नाही. त्यामुळे शेंगेन व्हिसावर तेथे प्रवेश मिळत नाही. भारतीय नागरिकास आयर्लंडचा स्वतंत्र अल्पमुदतीचा व्हिसा घ्यावा लागतो. त्यासाठी प्रवासाच्या तारखेपूर्वी तीन महिन्यांपासून अर्ज करता येतो. म्हणजे मार्चच्या प्रवासाचा अर्ज डिसेंबरच्या मध्यापासून करणे इष्ट ठरते. एकदा प्रवेशाच्या व्हिसाचे शुल्क ६० युरो असे ठरलेले आहे; अर्ज करताना चालू दर पडताळून घ्यावा लागतो. भारतीयांसाठी २०१५ पासून ब्रिटिश-आयरिश संयुक्त व्हिसा योजना लागू आहे. तिच्या अटींत बसणारा एकच व्हिसा दोन्ही देशांच्या भेटीस चालतो. ब्रिटनमधील नातेवाइकांकडे जाणाऱ्यांचा यामुळे दुहेरी खर्च वाचतो.

येथे एक पेच उद्भवतो. विमानाचे तिकीट लवकर काढल्यास स्वस्त पडते; पण व्हिसा हाती येण्यापूर्वी तिकीट खरेदी करू नये असा आयरिश प्रशासनाचा सल्ला आहे. व्हिसा नाकारला गेल्यास तिकिटाचे पैसे बुडू शकतात. म्हणून अर्ज शक्य तितक्या लवकर करणे हीच या टप्प्यावरील खरी बचत होय. मुंबईहून जाणारे प्रवासी सामान्यतः दुबई, अबू धाबी, दोहा किंवा युरोपातील एखाद्या विमानतळावर विमान बदलतात. महाराष्ट्रात मार्च हा दहावी-बारावीच्या परीक्षांचा महिना असल्याने शालेय मुले असलेल्या कुटुंबांना हा प्रवास सोयीचा नसतो.

मुक्काम

महोत्सवाच्या काळात खोल्यांचे दर इतर दिवसांच्या कितीतरी पट वाढतात. एकूण खर्चात सर्वाधिक फरक याच बाबीने पडतो. खर्च आटोक्यात ठेवण्याचे मार्ग पुढीलप्रमाणे आहेत :

- रद्द करता येईल अशी आगाऊ नोंदणी व्हिसाच्या अर्जाआधीच करून ठेवणे.
- हॉटेलऐवजी हॉस्टेलमधील सामाईक खोलीत एक खाट घेणे.
- मेनूथ, ब्रे किंवा ड्रॉहेडा यांसारख्या रेल्वेने जोडलेल्या गावांत राहून सकाळी डब्लिनला येणे. सुटीच्या दिवशी गाड्या कमी धावत असल्याने परतीची वेळ आदल्या दिवशी पाहून ठेवणे आवश्यक असते.
- डब्लिनऐवजी कॉर्क, गॉलवे किंवा लिमरिक येथील मिरवणूक पाहणे.

विद्यार्थी मुलाकडे वा मुलीकडे उतरणाऱ्या पालकांचा हा खर्च जवळजवळ पूर्ण वाचतो. मात्र भाड्याच्या खोलीत पाहुणे ठेवण्यास घरमालकाची अनुमती आहे की नाही हे आधी विचारावे लागते.

शहरातील वाहतूक

डब्लिन विमानतळाला रेल्वे जोडलेली नाही. खासगी जलद बसपेक्षा सार्वजनिक बस बरीच स्वस्त पडते. लीप कार्ड नावाच्या प्रवासपत्रावर बस, ट्राम व उपनगरी रेल्वे यांचा ९० मिनिटांपर्यंतचा शहरी प्रवास प्रौढास २ युरोंत होतो (२०२४). विद्यार्थ्यांना सवलतीचे कार्ड मिळते. १७ मार्च रोजी शहराच्या मध्यभागातील अनेक रस्ते वाहनांना बंद असतात. त्यामुळे टॅक्सीचा उपयोग थोडा आणि पायी चालणेच अधिक व्यवहार्य असते.

भोजन

टेंपल बार हा पर्यटकप्रिय भाग महाग समजला जातो. किराणा दुकानांतील तयार सँडविच, फळे व दूध यांवर दुपारचे जेवण स्वस्तात भागते. ओ'कॉनेल मार्गानजीकच्या मूर मार्गाच्या परिसरात आशियाई वाणसामानाची दुकाने असून तेथे डाळ, तांदूळ व पीठ मिळते. स्वयंपाकघर असलेल्या हॉस्टेलमध्ये राहिल्यास या सामानाचा उपयोग होतो. नळाचे पाणी पिण्यायोग्य असल्याने रिकामी बाटली जवळ ठेवणे पुरेसे असते. सार्वजनिक रस्त्यावर मद्यपान करण्यास डब्लिन महापालिकेच्या उपविधींनुसार मनाई आहे.

विनामूल्य प्रेक्षणीय स्थळे

डब्लिनमधील राष्ट्रीय वस्तुसंग्रहालय आणि राष्ट्रीय कलादालन यांच्या कायम संग्रहांना प्रवेशमूल्य नाही. डब्लिन किल्ल्याच्या आवारातील चेस्टर बीटी ग्रंथालयही विनामूल्य आहे. तेथे मोगल चित्रांसह आशियातील हस्तलिखितांचा मोठा संग्रह आहे. ७०७ हेक्टरांचे फीनिक्स उद्यान सर्वांना खुले असते. याउलट ट्रिनिटी महाविद्यालयातील ‘बुक ऑफ केल्स’ हे हस्तलिखित व सेंट पॅट्रिक कॅथेड्रलची पर्यटकांसाठीची भेट सशुल्क आहे; उपासनेस येणाऱ्यांकडून मात्र शुल्क घेतले जात नाही. संग्रहालये सणाच्या दिवशी बंद असू शकतात. म्हणून ती आदल्या वा दुसऱ्या दिवसासाठी राखून ठेवणे योग्य ठरते.

महाराष्ट्राशी संबंध

फीनिक्स उद्यानात ६२ मीटर उंचीचा वेलिंग्टन स्मारकस्तंभ आहे. त्याच्या पायथ्याशी बसविलेल्या कांस्यशिल्पांपैकी एक भारतातील युद्धांविषयीचे आहे. हे स्मारक ज्याचे, तो आर्थर वेलस्ली (पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन) डब्लिनचा. ऑगस्ट १८०३ मध्ये त्याच्या सैन्याने शिंद्यांच्या ताब्यातील अहमदनगरचा भुईकोट किल्ला जिंकून घेतला आणि त्याच वर्षी २३ सप्टेंबरला असईची लढाई झाली. हा किल्ला भिंगारच्या अगदी नजीक असून भिंगार हे पुढे इंग्रजांच्या लष्करी छावणीचे गाव झाले. इंग्रज सैन्यात आयरिश शिपायांची संख्या मोठी होती. रॉयल डब्लिन फ्युझिलिअर्स ही पलटण १८८१ मध्ये बनली ती मद्रास व मुंबई येथील जुन्या फ्युझिलिअर पलटणी एकत्र करूनच. आयर्लंड स्वतः पारतंत्र्यात असताना आयरिश शिपाई दुसऱ्या देशाला पारतंत्र्यात ठेवणाऱ्या सैन्यात होते, हा विरोधाभास या इतिहासाचा भाग आहे.

भाषेच्या क्षेत्रातील दुवा वेगळ्या स्वरूपाचा आहे. ‘लिंग्विस्टिक सर्व्हे ऑफ इंडिया’ या भारतीय भाषांच्या पाहणीचे संपादक जॉर्ज ग्रीअर्सन यांचा जन्म १८५१ मध्ये डब्लिन परगण्यात झाला व शिक्षण ट्रिनिटी महाविद्यालयात झाले. या पाहणीचा १९०५ मध्ये प्रसिद्ध झालेला सातवा खंड मराठी व तिच्या बोलींना वाहिलेला आहे.

अलीकडच्या काळात लिओ वराडकर यांच्यामुळे हा संबंध सर्वपरिचित झाला. त्यांचे वडील सिंधुदुर्ग जिल्ह्यातील वराड (ता. मालवण) गावचे. वराडकर २०१७ ते २०२० आणि २०२२ ते २०२४ या काळात आयर्लंडचे पंतप्रधान होते. सेंट पॅट्रिक दिनाच्या सुमारास अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांना शॅमरॉकचे पात्र भेट देण्याची प्रथा १९५२ पासून आहे. २०१८ मध्ये ते पात्र एका मालवणी कुटुंबातील मुलाने दिले. कोविड साथीमुळे डब्लिनची मिरवणूक २०२० व २०२१ मध्ये रद्द झाली. १७ मार्च २०२० च्या रात्री वराडकर यांनी दूरचित्रवाणीवरून देशाला उद्देशून भाषण केले. २०२२ च्या जनगणनेनुसार आयर्लंडमध्ये सुमारे ४५,००० भारतीय नागरिक राहत होते.

पुण्यातील पर्याय

पुण्यात एम्प्रेस उद्यानाजवळ सेंट पॅट्रिक कॅथेड्रल आहे. ते १८५० मध्ये पुणे छावणीतील आयरिश कॅथलिक सैनिकांसाठी उभारले गेले. १८८६ मध्ये पुणे धर्मप्रांताची स्थापना झाली व हे चर्च त्याचे मुख्य स्थान बनले. १७ मार्च हा या चर्चच्या आश्रयदात्या संताचा दिवस होय. येथे डब्लिनसारख्या मिरवणुकीची अपेक्षा ठेवून जाणे चुकीचे ठरेल. सणाचे मूळ धार्मिक रूप मात्र येथे समजते. हा दिवस लेंट अर्थात उपवासकाळात येत असल्याने वातावरण गंभीर असते. उपासनेच्या वेळी शांतता पाळणे व छायाचित्रणापूर्वी परवानगी घेणे अपेक्षित असते.

भिंगार-अहिल्यानगरहून पुणे सुमारे १२० किलोमीटर असून शिरूर, वाघोलीमार्गे एस.टी.ने एका दिवसात जाऊन परतता येते. मुक्कामाचा खर्च त्यामुळे पडत नाही. योगायोगाने, राज्य परिवहन महामंडळाच्या बसमध्ये महिलांना तिकिटात ५० टक्के सवलत १७ मार्च २०२३ पासूनच लागू झाली. ६५ ते ७५ वर्षे वयाच्या ज्येष्ठांना अर्धे तिकीट व ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना मोफत प्रवास मिळतो. कॅथेड्रलच्या भेटीला जोडून जवळचे एम्प्रेस उद्यानही पाहता येते.

टीका

या सणाचे अतिव्यापारीकरण झाले असून मद्यपानाला अवाजवी महत्त्व आले आहे, अशी टीका आयर्लंडमध्येच होते. तेथे १९२० च्या दशकापासून सुमारे १९६० पर्यंत या दिवशी मद्यगृहे कायद्याने बंद असत. वाढत्या खोलीभाड्यामुळे सामान्य प्रवासी या सणापासून दूर राहतो, हा दुसरा आक्षेप होय. गर्दी व महागाई टाळू इच्छिणाऱ्यांसाठी फेब्रुवारीच्या आरंभी येणारा संत ब्रिजिड दिन हा पर्याय आहे. २०२३ पासून त्यानिमित्तही आयर्लंडमध्ये सार्वजनिक सुटी असते.

हे सुद्धा पहा

- आयर्लंड
- डब्लिन
- भिंगार
- अहमदनगरचा किल्ला
- लिओ वराडकर
- जॉर्ज ग्रीअर्सन