कार्डावर न मावलेला सामना

आज जरा अमेरिकेत जाऊया. 1952 साली टॉप्स या च्युइंगगमवाल्या कंपनीने बेसबॉलच्या कार्डांचा मोठा संच काढला. पुढे खेळाडूचं रंगीत चित्र, मागे त्याचे आकडे.

पण आकड्यांत सगळं मावतं का हो? 26 मे 1959. पिट्सबर्गचा पिचर हार्वी हॅडिक्स. नऊ इनिंगमध्ये सलग 27 जण बाद केले की सामना ‘परफेक्ट’. या पठ्ठ्याने 12 इनिंगमध्ये सलग 36 जण बाद केले! पण त्याच्या संघाला एकही धाव काढता आली नाही. तेराव्या इनिंगला तो 1-0 ने हरला. कार्डाच्या हिशोबात काय? एक हार. 1991 मध्ये व्याख्या बदलली आणि अधिकृत यादीतूनही हा सामना गेला.

2008 मध्ये ‘द बेसबॉल प्रोजेक्ट’ या रॉक बँडचा पहिला अल्बम आला. सगळी गाणी बेसबॉलवर, आणि त्यातलं एक थेट हॅडिक्सच्या नावाचं. मागणी साधी: त्यालाही यादीत घ्या.

मला तर या बँडचं प्रत्येक गाणं म्हणजे एक कार्डच वाटतं. फक्त मागच्या बाजूला आकड्यांऐवजी गोष्ट असते.