शब्दांवाचून वाइल्ड

ऑस्कर वाइल्डच्या ‘लेडी विंडरमिअर्स फॅन’चा पहिला प्रयोग लंडनला फेब्रुवारी १८९२ मध्ये झाला. त्याच्या तीनच आठवडे आधी बर्लिनमध्ये एका शिंप्याच्या घरी अर्न्स्ट लुबिचचा जन्म झाला होता. १९२५ साली याच लुबिचने हॉलिवूडमध्ये वॉर्नर ब्रदर्ससाठी त्या नाटकावर मूकपट काढला. पडद्यावरील पाट्यांतून वाइल्डची चमकदार वचने वापरण्याची सोय होती. लुबिचने ती निक्षून नाकारली. वर्गात हे नाटक शिकवताना आपण ज्या वाक्यांपाशी हटकून थांबतो, नेमकी तीच येथे नाहीत! गडकऱ्यांचे नाटक कोट्या वगळून करावे, तसाच हा प्रकार.

मग उरले काय? उरली ती नजर. नाटकात नसलेला घोड्यांच्या शर्यतीचा प्रसंग लुबिचने रचला. येथे घोड्यांकडे कुणाचे फारसे लक्षच नाही. साऱ्या दुर्बिणी मिसेस अर्लिन या ‘बदनाम’ स्त्रीवर रोखलेल्या आहेत. वाइल्ड ज्या समाजाची संवादांतून खिल्ली उडवतो, तो येथे केवळ पाहण्याच्या कृतीतून उघडा पडतो. प्रसंगाच्या शेवटी ती बाहेर पडते आणि लॉर्ड ऑगस्टस तिच्या मागोमाग जातो. तो तिला गाठू लागतो तसतशी पडद्याची चौकट काळी होत आक्रसत जाते. पुढे या दोघांची वाढती सलगी कळते ती तो तिच्या दाराची घंटा कशी वाजवतो, एवढ्यावरून. चॅप्लिनच्या ‘अ वुमन ऑफ पॅरिस’चा (१९२३) लुबिचवर प्रभाव होता, तो अशा ठिकाणी जाणवतो.

मिसेस अर्लिन ही नायिकेची आई आहे, हे नाटकात प्रेक्षकाला दुसऱ्या अंकाच्या अखेरीस उमगते. चित्रपटात ते आरंभीच सांगितले जाते. त्यामुळे रहस्य जाते, पण उपरोध येतो. बागेत झुडपाआड लेडी विंडरमिअरला एका पुरुषाचा फक्त हात दिसतो आणि तो आपल्या पतीचाच, असे ती धरून चालते. आपल्याला खरे ठाऊक असल्याने तिची चूक हास्यास्पदही वाटते आणि करुणही. रूपांतर मूळ संहितेशी प्रामाणिक आहे का, हा आपला नेहमीचा प्रश्न मला येथे अपुरा वाटतो. मात्र एक हानी मान्य करावीच लागेल. वाइल्डचा लॉर्ड डार्लिंग्टन बोलण्यातून घडलेला आहे; रोनाल्ड कोलमनचा डार्लिंग्टन केवळ देखणा आहे.