बंदुकीची नळी : हातघडणीची व कारखानी

बंदुकीचा पल्ला व नेम ही मुख्यतः तिच्या नळीवर अवलंबून असतात. चाप, दस्ता व बार भरण्याची पद्धती यांत काळानुसार कितीही फेरफार झाले, तरी गोळीला वेग व दिशा देण्याचे काम नळीच करते. ही नळी एका कारागिराने एकेका बंदुकीसाठी घडवावी, की एकाच मापाच्या नळ्या कारखान्यात मोठ्या संख्येने काढाव्यात, हा प्रश्न लांब पल्ल्याच्या नेमबाजीत आजही विचारला जातो. भारतात तो अठराव्या शतकात रणांगणावर उपस्थित झाला; त्याचे एक स्थळ म्हणजे हल्लीचा बुलढाणा जिल्हा होय.

हातघडणीच्या नळीची सर्वांत तपशीलवार माहिती अबुल फज्लच्या आईन-इ-अकबरीत मिळते. पूर्वी लोखंडाचा पत्रा ठोकून सपाट करीत व गुंडाळून त्याच्या कडा जोडीत. अशी नळी सांध्यावर फुटण्याचा धोका असे. अकबराच्या कारखान्यात पत्रा तिरपा पीळ देऊन गुंडाळला जाई, त्यामुळे प्रत्येक वेटोळे आधीच्या वेटोळ्यावर चढे व मग भट्टीत सांधा एकजीव केला जाई. नळीचा आतील भाग साफ करण्यासाठी बैलाच्या बळावर चालणारे एक यंत्र होते. त्यात सोळा नळ्या एकाच वेळी लावीत. कच्च्या व घडविलेल्या लोखंडाचे वजन, कारागिराचे नाव, स्थळ, तारीख व क्रमांक ही बंदुकीवर नोंदविली जात. बैलाचे यंत्र व अनुक्रमांक यांत कारखान्याची चाहूल लागते हे खरे. परंतु नळीबद्दल जबाबदार असे तो नाव कोरलेला माणूस.

याच ग्रंथात वऱ्हाड सुभ्याच्या मेहकर सरकारातील लोणारचा उल्लेख आहे. तेथील खाऱ्या सरोवराच्या परिसरात काच व साबण यांसाठी लागणारी द्रव्ये व सोरा मिळत असून त्यापासून सरकारास बरेच उत्पन्न होई. सोरा हा बंदुकीच्या दारूतील प्रमुख घटक असल्यामुळे या प्रदेशाचा अग्निशस्त्रांशी असलेला संबंध लढायांपेक्षाही जुना ठरतो.

ऑक्टोबर १७२४ मध्ये निजामुल्मुल्काने साखरखेर्डा येथे मुबारिझखानाचा पराभव केला. मुबारिझखान लढाईत मारला गेला आणि विजयानंतर गावाचे नाव फत्तेखेर्डा ठेवण्यात आले. त्या काळी दक्षिणेतील सैन्यांत पायदळाचे नेहमीचे अग्निशस्त्र म्हणजे जामगीने शिलगावण्याची तोड्याची बंदूक. तिची नळी लांब व जाड असून गोळी नळीत घट्ट बसे. म्हणून दारूचा भारी बार तिला सोसे आणि नेमही दूरवर लागे. तत्कालीन युरोपीय पलटणींच्या चकमकीच्या बंदुकीपेक्षा तिचा पल्ला अधिक असल्याचे खुद्द युरोपीय निरीक्षकांनी नमूद केले आहे. मात्र प्रत्येक नळीचे भोक वेगळे असल्याने गोळ्याही ज्याच्या त्याने आपल्या साच्यात ओताव्या लागत. शेजारच्या शिपायाची गोळी आपल्या बंदुकीला बसेलच, याची शाश्वती नसे.

या उणिवेचे महत्त्व तेहतीस वर्षांनी सिंदखेड येथे दिसून आले. डिसेंबर १७५७ मध्ये मराठ्यांनी रामचंद्र जाधव यास सिंदखेडात कोंडले, तेव्हा त्याच्या मदतीस निजाम अली आला. त्याच्याकडे इब्राहीमखान गारद्याच्या कवायती पलटणी होत्या. त्यांच्या चकमकीच्या बंदुका एकट्यादुकट्याच्या नेमासाठी नव्हत्याच. ब्रिटिश पद्धतीच्या अशा बंदुकीच्या नळीचे भोक सु. १९ मिमी. आणि गोळी सु. १७·५ मिमी. असे, या ढिलाईमुळे गोळी नळीत हेलकावत जाई व नेम बिघडे, पण बार झटपट भरता येई. मिनिटाला दोन-तीन बार काढणारी रांग, एकाच साच्यातल्या गोळ्या आणि जोडीला तोफा यांमुळे उघड्या मैदानातही असे पायदळ घोडदळास सहज फोडता येत नसे. मोहिमेचा शेवट मराठ्यांच्या बाजूने झाला. निजाम अलीला पंचवीस लाखांचा मुलूख व नळदुर्ग द्यावा लागला. तरीही गारद्यांची करामत पेशव्यांच्या लक्षात राहिली. इब्राहीमखान पुढे पेशव्यांच्या चाकरीत आला व उदगीर (१७६०) आणि पानिपत (१७६१) येथे सदाशिवरावभाऊंच्या सैन्यात लढला. सरस नळीचा पराभव झाला असे म्हणणे चूक ठरेल. सारखेपणा अधिक उपयोगी ठरला एवढेच.

महादजी शिंदे यांनी हाच धडा पुढे नेला. दबॉयनच्या पलटणींसाठी आग्र्याच्या कारखान्यात सँगस्टर या स्कॉटिश तज्ञाच्या देखरेखीखाली तोफा व बंदुका तयार होत आणि एका बंदुकीस सु. दहा रुपये खर्च येई.

एकोणिसाव्या शतकात नळीच्या आत सर्पिल आटे पाडलेली रायफल सर्वत्र रूढ झाली आणि पल्ल्याचा प्रश्न नव्याने पुढे आला. इंग्लंडमध्ये १८५७ च्या चाचण्यांत जोसेफ व्हिटवर्थची षट्कोनी भोकाची रायफल लष्करी एन्फील्डच्या तुलनेने ५०० यार्डांवर कित्येक पटींनी अचूक ठरली. तिचे भोक ११·५ मिमी. असून गोळी अवघ्या २० इंचांत एक फेरा घेई. एन्फील्डमध्ये त्यास ७८ इंच लागत. ती महाग होती व दारूच्या काजळीने लवकर चोंदे, म्हणून लष्कराने ती नाकारली. हौशी नेमबाजांनी मात्र ती उचलून धरली. सैन्याची नळी व स्पर्धेची नळी यांच्या वाटा येथे स्पष्टपणे वेगळ्या झाल्या.

असे असले, तरी हातघडण नेहमीच वरचढ ठरली नाही. १८७४ मध्ये न्यूयॉर्कजवळ क्रीडमूर येथे ८०० ते १,००० यार्डांवर झालेल्या सामन्यात आयरिश संघाकडे डब्लिनच्या रिग्बीने बनविलेल्या ठासणीच्या रायफली होत्या, तर अमेरिकनांकडे रेमिंग्टन व शार्प्स या कारखान्यांच्या मागून भरण्याच्या. अमेरिकनांनी ९३४ विरुद्ध ९३१ गुणांनी सामना जिंकला. एका आयरिश नेमबाजाची गोळी चुकून शेजारच्या लक्ष्यावर गेली होती. तेव्हा हा निकाल नळ्यांचा मानावा की नजरेचा, हे ठरविणे कठीण आहे. पुढे अमेरिकेतील हॅरी पोप हा स्वतः एकेक नळी कोरण्यासाठी प्रसिद्धीस आला. स्टीव्हन्स कंपनीने १९०१ मध्ये त्याचा व्यवसाय विकत घेतला, पण पोप तेथे फार काळ रमला नाही आणि पुन्हा एकट्यानेच काम करू लागला.

या फरकाचे मूळ भोकाच्या एकसारखेपणात आहे. नळीच्या सबंध लांबीत भोकाचा व्यास किंचितही कमीअधिक झाला, धातूत ताण उरला किंवा काडतुसाचे घर नळीच्या अक्षाशी जुळले नाही, तर गोळ्या विखुरतात. कारागीर आटे हळूहळू कापतो, शिशाच्या गुटक्याने भोक घासून गुळगुळीत करतो व मनास न येणारी नळी बाजूस टाकतो. कारखान्यात कठीण सळईभोवती नळी ठोकून घडविण्याची पद्धत जर्मनीत दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास पुढे आली. तिने वेग फार वाढला, परंतु ताण व हत्यारांची झीज यांवर सतत लक्ष ठेवावे लागते. मापनाची साधने सूक्ष्म झाल्यावर कारखानी नळ्यांतील उणीवही पुष्कळ कमी झाली.

भारतात १८७८ च्या शस्त्रास्त्र कायद्यानंतर शस्त्रे बनविणे व बाळगणे परवान्याखाली आले. युरोपीय आयातीने आधीच मागे पडलेल्या देशी कारागिरांचा धंदा त्यामुळे आणखी आक्रसला. विसाव्या शतकाच्या आरंभापासून बंगालमधील इछापूर येथे लष्करी रायफली तयार होऊ लागल्या. स्पर्धेच्या रायफली मात्र प्रामुख्याने युरोपातून आल्या. म्यूनिक येथे २०१० मध्ये ५० मी. प्रोन प्रकारात विश्वविजेती ठरलेली तेजस्विनी सावंत व २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मी. रायफल तीन स्थिती प्रकारात कांस्यपदक मिळविणारा स्वप्नील कुसाळे हे दोघेही कोल्हापूर जिल्ह्यातील. या प्रकारांत ५·६ मिमी. भोकाची रायफल वापरतात. तिची नळी खास स्पर्धेसाठीच्या कारखान्यात बनत असली, तरी प्रत्येक नळीला कोणते काडतूस मानवते हे आधी सांगता येत नाही. म्हणून रायफल शिकंज्यात पक्की बसवून निरनिराळ्या घाण्यांतील काडतुसे झाडून पाहतात व ज्या घाण्याच्या गोळ्या सर्वांत जवळजवळ लागतात, त्याचाच साठा त्या रायफलीसाठी घेतात.